पाण्यातून आलेली गाडी मिसिंग मारते तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

गेले चार दिवस परळच्या आमच्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग आहे, आणि येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो : "पाण्यातून काढली, तेव्हापासून मिसिंग मारतेय." मुंबईत पावसाचं पाणी तुंबलंय, त्यातून कुणी हिंदमाताच्या पाण्यातून आलेला, कुणी अंधेरी सबवेतून, कुणी गांधी मार्केटजवळून. म्हणून आज त्याबद्दलच बोलतो. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो, आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे. आधी सुकवा, मग खर्च करा.

मिसिंग कसं ओळखायचं हे गाडी चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही. सिग्नलला उभं राहिलं की स्टिअरिंग थरथरतं, सायलेन्सरमधून फट्, फट् आवाज येतो, पुलाच्या चढावर गाडी ओढतच नाही. मिसिंग म्हणजे इंजिनच्या चार सिलिंडरपैकी एक काम करत नाही आणि उरलेले तिघं त्याचं ओझं वाहतात. पाण्यातून आलेल्या पेट्रोल गाडीत हे बहुतेक वेळा ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या आसपासच्या ओलीमुळे होतं. प्लगच्या टोकाला एक मिलिमीटरच्या आसपास फट असते. ती ओलांडून ठिणगी पडावी म्हणून कॉइल हजारो व्होल्टचा करंट पाठवते. पण वाटेत ओल असली, प्लगवर बसणाऱ्या रबरी टोपीला, म्हणजे बुटाला, चीर असली, की करंट ती फट ओलांडत नाही. सोपी वाट धरून सरळ इंजिनच्या बॉडीत उतरतो. आत पेट्रोल येतं, हवा येते, ठिणगी मात्र पडत नाही. एवढंच होतं. आणि एवढ्यासाठी लोक पंप बदलतात, इंजेक्टर साफ करून घेतात, नवे सेन्सर घालतात.

यावर मला वडाळ्याच्या बाईंची गोष्ट सांगायचीच आहे. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. जुलै महिना होता. लालबागहून घरी जाताना त्यांनी हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढली. पाणी बंपरच्या वर आलेलं. गाडी बंद पडली नाही, फटफट करत का होईना, घरी पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिसिंग, आणि दहा-पंधरा मिनिटांनी ठणठणीत. तिसऱ्या दिवशीही तेच. आता गॅरेजात न्यायची म्हणजे गाडी चालवतच न्यायची. पोचेपर्यंत इंजिन गरम व्हायचं आणि मिसिंग गायब व्हायचं. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने पेट्रोलचा पंप बदलला, तिसऱ्याने टाकी उतरवून धुतली. पंधरा हजार रुपये गेले आणि सकाळी गाडी पुन्हा फट्, फट्.

मग त्या आमच्याकडे आल्या. हातात शाळेची दोनशेपानी वही. त्यात पट्टीने रेघा मारून रकाने केलेले. तारीख, रात्री पाऊस होता की नव्हता, सकाळी किती मिनिटं मिसिंग मारलं. आणि शेवटचा रकाना होता गाडीवर कव्हर घातलं होतं का, त्याचा. आमचे उस्ताद तेव्हा होते. त्यांनी चष्मा लावून ती पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. कव्हर घातलेल्या रात्रीनंतर वीस मिनिटं, उघड्या गाडीला आठ-दहा मिनिटं. वही मिटून ते मला म्हणाले, "उद्या पहाटे तू यांच्या घरी जा. गाडी इथे बोलवू नकोस. थंड असतानाच बघ. आणि टॉर्च लावू नकोस."

टॉर्च लावू नकोस, हे मला त्या वेळी कळलं नव्हतं. पहाटे पाच वाजता गेलो. पाऊस थांबलेला, वाडीत अंधार. बाईंच्या मुलाने चावी फिरवली आणि मी बॉनेट उचलून धरलं. चौथ्या प्लगच्या वायरीशी, रबरी बुटाच्या कडेला, एक निळा धागा दिसला. केसाएवढा. टिक् टिक् टिक् करत तो बुटातून निघून इंजिनच्या कव्हरवर उडत होता, आणि प्रत्येक टिक् बरोबर इंजिन एक आचका देत होतं. उजेड असता तर तो धागा मला दिसलाच नसता. बाई शेजारी छत्री मिटून उभ्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "अहो, हे तर मी मुलांना प्रयोगशाळेत दाखवते!"

इंजिन बंद केलं. बूट ओढला तर बाटलीचं बूच निघावं तसा 'फटक' आवाज करत वर आला, आणि खाली प्लग ज्या खोल खड्ड्यात बसतो त्यात दोन बोटं गढूळ पाणी. इतक्या दिवसांनी! रबराने तो खड्डा झाकणासारखा बंद केलेला, मग पाणी जाणार कुठे? इंजिन गरम झालं की ते जरा वाफाळायचं, करंटची वाट तुटायची, गाडी नीट चालायची. रात्री थंड झालं की वाफ परत बुटाला चिकटायची. वरून कव्हर टाकलं की ओल आणखी कोंडायची.

माझा हात सवयीने प्लगपान्याकडे गेला, आणि तिथेच थांबलो. श्रोतेहो, हे नीट ऐका. खड्ड्यात पाणी असताना प्लग सोडला तर ते पाणी सरळ सिलिंडरमध्ये उतरतं. आधी पाणी काढायचं, मग प्लग सोडायचा. बाईंनी विज्ञानाच्या पेटीतून बिनसुईची मोठी सिरिंज आणून दिली. तिने पाणी ओढलं, सुती कापडाची वात करून तळ टिपला, मुलाच्या सायकलच्या पंपाने हवा मारली. मग प्लग बाहेर काढला. गंजलेला, जुनाट. बाकीचे तीन काढून पाहिले तर कोरे चकचकीत. चौथ्यापर्यंत हात जायला एक पाइप सोडावा लागत होता, म्हणून कुणीतरी तो तसाच ठेवला होता आणि बिल मात्र चार प्लगचं केलं होतं. याचा राग मला आजही येतो. ज्या बाईने पट्टीने रकाने आखले, तिला आपण तीन प्लगला चार सांगतो?

बुटाला केसाएवढी चीर होती. एक वायर, एक प्लग, पाचशे रुपयांच्या आत काम झालं. बाईंनी वहीत शेवटची तारीख टाकली आणि त्या चिरेची आकृती काढली. माझ्या पोरांना मी अजून तेच सांगतो, स्कॅनर नंतर लावा, आधी गिऱ्हाइकाचं ऐकून घ्या. हल्ली ऐकायला कुणाला वेळच नाही.

आता तुमच्या गाडीचं. नव्या गाड्यांना त्या लांब वायरी नसतात, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसलेली असते. खड्डा मात्र तोच आणि पाणीही तसंच साचतं. इंजिन बंद, थंड. कॉइलचा कपलर, म्हणजे वायर जोडणारा खटका, काढा, कॉइल उपसा, खड्डा बघा, सुकवा. कॉइल, कपलर, सगळं सुकवा. एअर फिल्टर काढून बघा, तो कागदाचा असतो, भिजला असेल तर सुकवत बसू नका, नवाच घाला. हा एक खर्च आधी करायला हरकत नाही. बाकी सगळं, आधी सुकवा, मग खर्च करा. चालू इंजिनवर वायरीला किंवा कॉइलला हात लावू नका. आणि डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढे दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि तिथला धूर साफ करणारा कन्व्हर्टर तापून निकामी होतो, तो फार महाग पडतो. डिझेल गाडीला ठिणगीचे प्लग नसतात, तिथे डिझेलमध्ये पाणी गेलंय का ते फिल्टरखालून काढून बघतात.

आपल्या मुंबईचं पाणी नुसतं पावसाचं नसतं. मोठी भरती असली की खाडीचं पाणी नाल्यांतून उलटं येतं. मीठ सुकून मागे राहतं आणि महिनाभराने कपलरच्या तांब्यावर हिरवट थर धरतो. म्हणून आज नीट चाललेली गाडी गणपतीत मिसिंग मारू लागली तर हा पाऊस आठवा, आणि कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून घ्या. पाणी मुरायला आपण जागाच ठेवली नाही, सोसायटीच्या अंगणात झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवतो, ते मला मुळीच पटत नाही. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. पाऊस कुठे कोसळेल ते आपल्या हातात नाही, पण अंगणातली माती आपल्या हातात आहे.

आणि गाडी पाण्यातच बंद पडली, तर सेल्फ मारू नका. कितीही वाटलं तरी सेल्फ मारू नका. पाणी हवेसारखं दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात हा खर्च सहसा बसत नाही, इंजिनसाठी विम्यात वेगळी जोड घेतलेली असावी लागते. ढकलून कडेला घ्या, टो करून न्या. ऑईलची पट्टी ओढून बघा, ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर चालू करूच नका.

ज्यांची गाडी चालतेय पण मिसिंग मारतेय, त्यांनी आज रात्री कव्हर घालू नका. उद्या सकाळी एसी आणि रेडिओ बंद ठेवून चावी फिरवा, किती मिनिटं मिसिंग मारते ते घड्याळ लावून कागदावर लिहा, आणि तो कागद घेऊन मेकॅनिककडे जा. नमस्कार.