वेठीला जुंपलेले रोबोट

नमस्कार, श्रोतेहो.

'वेठ' हा आपल्या भाषेतला जुना शब्द आता वर्तमानपत्रापुरता उरला आहे. संप झाला की प्रवाशांना वेठीला धरलं, असं छापून येतं. पण वेठ म्हणजे मुळात फुकटचं राबणं. मालक सांगेल त्या दिवशी त्याच्या शेतावर हजर व्हायचं, मजुरी मागायची नाही आणि नाही म्हणायचं नाही. मध्य युरोपातल्या बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, या वेठीला 'रोबोता' म्हणत. तिथे राज्य करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या राणी मारिया थेरेसाच्या 1775 च्या फर्मानाने तिला आठवड्याला कमाल तीन दिवसांची मर्यादा घातली आणि 1848 मध्ये ती कायमची रद्द झाली. त्यानंतर 42 वर्षांनी, 9 जानेवारी 1890 रोजी, माले स्वातोनोवित्से नावाच्या गावात एका डॉक्टरच्या घरी चेक लेखक कारेल चापेक जन्मले. रोबोता त्यांनी पाहिली नाही, पण आजोबांच्या पिढीच्या तोंडी तो शब्द होताच.

रोबोट हा शब्द जगाला मिळाला तो चापेक यांच्या नाटकातून. त्याचा शोध मात्र त्यांच्या थोरल्या भावाचा, चित्रकार योसेफचा. 24 डिसेंबर 1933 च्या 'लिदोव्हे नोव्हिनी' या दैनिकात कारेल यांनीच ते सांगून टाकलं. नाटकाची कल्पना सुचली तेव्हा योसेफ चित्र काढत उभा होता. या कृत्रिम कामगारांना लॅटिन 'लाबोर'वरून काहीतरी नाव द्यावं असं कारेल यांच्या मनात होतं, पण ते फार पुस्तकी वाटत होतं. योसेफ दातांत कुंचला धरूनच पुटपुटला, मग रोबोट म्हण. आणि परत रंगवायला लागला.

आता मराठीत आपण रोबोटला यंत्रमानव म्हणतो. शब्द चांगला आहे, रुळलेलाही आहे. चापेक यांच्या रोबोटांना मात्र तो लागू पडत नाही, कारण त्यांच्यात यंत्र नाही. स्क्रू नाही, तार नाही, पत्रा नाही. ते हाडामांसाचे आहेत, फक्त ते मांस कारखान्यात तयार झालेलं आहे. 'आर. यू. आर.' म्हणजे 'रॉसूम्स युनिव्हर्सल रोबोट्स' या नाटकात ही सगळी कृती दिलेली आहे. एका बेटावर म्हातारा रॉसूम नावाचा शास्त्रज्ञ जातो आणि 1932 मध्ये त्याला जिवंत पेशींसारखं वागणारं एक रसायन सापडतं. त्याला त्यातून हुबेहूब माणूस करायचा असतो, सगळ्या ग्रंथींसकट, अगदी आंत्रपुच्छासकट. दहा वर्षं खपून तो एक माणूस करतो. तो माणूस तीन दिवस जगतो.

मग येतो तरुण रॉसूम, व्यवसायाने इंजिनिअर. त्याचा हिशेब सरळ आहे: कामगाराला काय काय लागतं? आनंद होणं, व्हायोलिन वाजवणं, फिरायला जावंसं वाटणं, यातलं काहीच कामाला लागत नाही. इंजिनाला झालरी लावतो का आपण? त्याने माणसाच्या शरीरातून कामाला न लागणारं सगळं काढून टाकलं आणि उरला तो रोबोट. बेटावर या मालाचा कारखाना उभा राहतो. कणीक मळायच्या यंत्रासारखी मोठी भांडी असतात, एकेका भांड्यात हजार रोबोटांचं पीठ एका वेळी मळतात. यकृत आणि मेंदूसाठी वेगळे हौद. मज्जातंतू, शिरा आणि आतडी कातायला चक्क सूतगिरणी. शेवटी मोटारीसारखी जोडणी. एक रोबोट अडीच मजुरांचं काम करतो आणि साधारण वीस वर्षं टिकतो. भिंतीवर जाहिराती लावलेल्या आहेत. त्यातली एक उष्ण प्रदेशांसाठी खास रोबोट विकते, 150 डॉलर नग.

नाटकाचा पडदा उघडतो तो या कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या कचेरीत, आणि पहिले संवाद म्हणजे व्यापारी पत्रव्यवहार. जहाजात मालाची मोडतोड झाली तर आमची जबाबदारी नाही, वगैरे. बंड, रक्तपात, मानवजातीचा अंत हे सगळं पुढे आहेच. पण चापेक यांनी सुरुवात ठेवली ती नुकसानभरपाई नाकारणाऱ्या पत्राने. माझ्या मते सगळा चापेक त्या पत्रात आहे. त्यांच्या विज्ञानकथेत शोधाला एखादं पान पुरतं, पुढची दोनशे पानं जातात त्या शोधाच्या खरेदी-विक्रीत.

बारकावे बघा. रोबोटांना वेदना होत नाहीत. हे आधी फायद्याचं वाटतं, पण मग ते यंत्रात हात घालून स्वतःची बोटं मोडून घेतात. नुकसान होतं. म्हणून कारखान्याचा डॉक्टर गाल त्यांच्यात वेदना बसवायला घेतो. दया म्हणून नव्हे, मोडतोड कमी व्हावी म्हणून. कधीकधी एखादा रोबोट अचानक हातातलं काम फेकून देतो आणि दात खायला लागतो. कारखाना याला निर्मितीतला दोष समजतो आणि असा माल पुन्हा भरडायला पाठवतो. हेलेना ग्लोरी नावाची पाहुणी तेवढ्यात म्हणते, हा आत्मा तर नाही? तिच्या आग्रहावरून डॉक्टर गाल काही रोबोटांच्या रचनेत बदल करतो आणि पुढचं बंड त्या थोड्यांपासून सुरू होतं.

बंड झाल्यावर घेरलेले लोक एकमेकांना दोष देऊ लागतात. चूक कुणाची, गालची, हेलेनाची, व्यवस्थापक डोमिनची? तेव्हा विक्री-व्यवहार बघणारा बुसमान मान हलवतो. तो म्हणतो, उत्पादन संचालक ठरवतो असं वाटतं का तुम्हाला? मागणी ठरवते. सगळ्या जगाला रोबोट हवे होते आणि आम्ही त्या मागणीच्या लाटेवर वाहत होतो. हाच बुसमान नंतर बंडखोरांना पैसे देऊन गप्प करायला जातो आणि विजेच्या कुंपणाला चिकटून मरतो. डोमिन तोवर आणखी एक योजना आखून बसलेला असतो: यापुढे प्रत्येक देशात तिथल्याच रंगाचे आणि भाषेचे रोबोट करायचे, म्हणजे ते एकमेकांचा द्वेष करतील आणि कधी एकत्र येणार नाहीत. हे 1920 मध्ये लिहिलेलं आहे.

प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर हा प्रयोग 25 जानेवारी 1921 रोजी झाला. पण तोवर ह्रादेत्स क्रालोवे गावातल्या हौशी मंडळींनी 2 जानेवारीलाच तो करून टाकला होता. याच गावातल्या शाळेत चापेक शिकत होते आणि ऑस्ट्रियाविरोधी गुप्त विद्यार्थी मंडळात सापडल्यामुळे त्यांना ती शाळा सोडावी लागली होती. 1922 मध्ये नाटक न्यूयॉर्कला आणि 1923 मध्ये लंडनला गेलं. इंग्रजी रूपांतर करताना डामोन हे पात्र गाळलं आणि त्याचे संवाद राडिउस या दुसऱ्या रोबोटाच्या तोंडी घातले, त्यामुळे इंग्रजीतून नाटक वाचणाऱ्यांना बरीच वर्षं अपुरं नाटक मिळत होतं. दरम्यान जगभरात रोबोट पत्र्याचे झाले. 1935 मध्ये चापेक यांनी वर्तमानपत्रात लिहून याबद्दल तक्रार केली, पण तोवर शब्द त्यांच्या हातातून निघून गेला होता. चेक भाषेत मात्र एक खूण राहिली आहे. नाटकातले सजीव रोबोट अनेकवचनात 'रोबोति' होतात आणि स्वयंपाकघरातली यंत्रं 'रोबोती', लिहिताना शेवटी i ऐवजी y असलेलं. व्याकरणाने सजीव-निर्जीव वेगळे ठेवले.

चापेक यांचं शिक्षण तत्त्वज्ञानाचं, 1915 ची डॉक्टरेट. मणक्याच्या दुखण्यामुळे पहिल्या महायुद्धात सैन्यात जावं लागलं नाही. पोटापाण्याचा धंदा पत्रकारितेचा, 1921 पासून 'लिदोव्हे नोव्हिनी'त. हा धंदा त्यांच्या कादंबऱ्यांत पानोपानी दिसतो.

'परब्रह्माचा कारखाना' असं ज्याचं नाव मराठीत करता येईल, ती त्यांची 1922 ची कादंबरी घ्या. मारेक नावाच्या इंजिनिअरने एक यंत्र केलेलं आहे. ते कोळशाचा कण पूर्णपणे नष्ट करून त्यातली सगळी ऊर्जा काढतं. अडचण एवढीच की पदार्थ जळून गेल्यावर त्यात कोंडलेलं परमतत्त्व मोकळं होतं. धूर यावा तसा तळघरातून देव बाहेर येतो. आसपासच्या लोकांना साक्षात्कार होतात, ते पैसे वाटायला लागतात. उद्योगपती बोंडी हे सगळं कळूनही यंत्रं विकतो. आणि मग देव स्वतःच कामाला लागतो, कारखाने चालवतो. वस्तूंचे डोंगर उभे राहतात, टाचण्यांचे ढीग पडतात, पण तो फक्त उत्पादन करतो. वाहतूक कोण करणार, वाटप कोण करणार? टाचण्यांनी गाव भरतं आणि भाकरी मिळत नाही. माणसं जगतात ती शेतकऱ्यांच्या चिकटपणामुळे, कारण साक्षात्कार होऊनही त्यांनी धान्य फुकट दिलं नाही. इतकी विनोदी आणि इतकी नेमकी अर्थशास्त्राची टिपण त्या काळात दुसरी नसावी. कादंबरीचा उत्तरार्ध मात्र विस्कळीत आहे.

'क्राकातित' ही 1924 ची कादंबरी स्फोटकाची आहे. प्रोकोप हा रसायनज्ञ एक पांढरी पूड करतो आणि ती ठरावीक रेडिओलहरी सुटल्या की फुटते. आकाशवाणीवर याहून जास्त सांगणं बरं नव्हे. 'माक्रोपुलोस प्रकरण' हे 1922 चं नाटक तीनशे वर्षं आयुष्य देणाऱ्या औषधाचं. सम्राट रुडॉल्फ आपल्या वैद्याला ते आधी स्वतःच्या सोळा वर्षांच्या मुलीवर वापरून बघायला लावतो. ती मुलगी 337 वर्षांची होऊन प्रागमध्ये वारशाच्या एका जुन्या खटल्यात हजर होते आणि अतोनात कंटाळलेली असते. चेक संगीतकार यानाचेक यांनी यावर ऑपेरा केला, 1926 मध्ये ब्रनो शहरात तो रंगमंचावर आला.

सगळ्यात भरीव पुस्तक मात्र 1936 चं, 'सॅलमँडरांशी युद्ध'. सॅलमँडर म्हणजे बेडकाच्या गोतातला, पण पालीसारखा शेपटीवाला उभयचर प्राणी. याचं बीज खऱ्या विज्ञानात आहे. 1726 मध्ये झुरिचच्या शॉइख्झर या विद्वानाने एका सांगाड्याबद्दल जाहीर केलं की महापुरात बुडालेल्या पापी माणसाचा तो अवशेष आहे. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी दाखवलं की हा माणूस नाही, प्रचंड सॅलमँडर आहे. तो जीवाश्म आजही हार्लेमच्या संग्रहालयात आहे. चापेक यांनी ही जात सुमात्राजवळच्या एका बेटाच्या खाडीत जिवंत ठेवली.

कप्तान व्हान तोख तिथे मोत्यांसाठी जातो. सॅलमँडर बुडी मारून शिंपले काढून देतात, बदल्यात तो त्यांना शार्कमाशांपासून वाचायला सुरे देतो. व्यवहार दोन्हीकडून चोख. कप्तान मेल्यावर बोंडी (हाच तो मघाचा बोंडी) मोत्यांचा भाव पडलेला बघून ठरवतो की मोती सोडा, सॅलमँडरच विका. समुद्रातली बांधकामं, धक्के, भराव यांसाठी पाण्याखालचा मजूर. मग बाजारात प्रतवारी होते: मुकादम, जड कामाचे, टोळीने काम करणारे, किरकोळ कामाचे, गाळसाळ, आणि शेवटी ठोक भावाने पिल्लं. हे सगळं सांगायची रीत पत्रकाराची आहे. बातम्यांची कात्रणं, सभांची इतिवृत्तं, पत्रकं, लांबलचक तळटीपा. बोंडीच्या दारावरचा नोकर पोव्होंद्रा आयुष्यभर ही कात्रणं जमवतो, कारण कप्तानाला त्या दिवशी आत त्यानेच सोडलेलं असतं. वाचताना तळटीपा गाळल्या तर कादंबरी निम्मी होते.

सॅलमँडरांना खोल समुद्र चालत नाही, उथळ किनारा लागतो. संख्या वाढते तसा किनारा अपुरा पडतो. उपाय एकच, जमीन कापून नवे किनारे करायचे. लुइझियानात भूकंप होतो आणि मग जगभरच्या रेडिओवर एक घोगरा, डरकल्यासारखा आवाज येतो: सॅलमँडरांचा प्रमुख बोलत आहे. तो शांतपणे सांगतो की आमचं तुमच्याशी वैर नाही, आम्हाला फक्त जागा हवी आहे. स्फोटकं त्यांना विकली कुणी? माणसांनीच. युद्ध सुरू झाल्यावरही पुरवठा थांबत नाही. शेवटच्या प्रकरणात लेखक स्वतःशीच वाद घालतो आणि कबूल करतो की बँका, कारखाने आणि सरकारं हे सगळं पुरवत असताना जगाला वाचवायची युक्ती त्याला सापडत नाही.

पुढच्याच वर्षी 'पांढरी साथ' हे नाटक आलं. त्यातल्या डॉक्टर गालेनकडे एका महारोगासारख्या साथीवर औषध आहे, पण युद्ध थांबवल्याशिवाय तो ते सत्ताधाऱ्यांना देत नाही. युद्धाच्या नशेतला जमाव त्याला तुडवतो. सप्टेंबर 1938 मध्ये म्युनिक करार झाला, चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरला मिळाला. चापेक 25 डिसेंबर 1938 रोजी न्यूमोनियाने गेले, 48 वर्षांचे होते. योसेफ यांना 1 सप्टेंबर 1939 रोजी अटक झाली. एकामागून एक छळछावण्या करत एप्रिल 1945 मध्ये ते बेर्गेन-बेल्झेनला मेले.

शेवटी, कुणाला 'आर. यू. आर.' रंगमंचावर किंवा श्राव्य स्वरूपात करायचं असेल तर थोडं. चापेक यांच्या सूचनेप्रमाणे रोबोटांचा वेश कामगाराचा आहे: जाडाभरडा सदरा, कमरेला पट्टा, छातीवर पितळी क्रमांक. प्रास्ताविक अंकात तर तेही नाही, ते माणसांसारखेच कपडे घालतात. फक्त नजर एका जागी, बोलणं तुटक. आणि त्या प्रास्ताविकाला लेखकाने 'विनोदी' म्हटलं आहे, तेव्हा ते गंभीर चेहऱ्याने करू नका. त्यातला विनोद असा: सुल्ला ही टंकलेखिका रोबोट आहे यावर हेलेनाचा विश्वास बसत नाही. ती चार भाषा बोलते, छान बोलते. आणि मग कारखान्याचे खरेखुरे अधिकारी खोलीत येतात तेव्हा त्यांनाच रोबोट समजून हेलेना त्यांना बंड करायला सांगते. सुल्लाच्या आवाजाला यंत्राचा घुमारा दिला, डबड्यातून आल्यासारखा, तर हा सगळा प्रवेश तिथेच मरतो. रेडिओवर हे करणं खरं तर सोपं आहे. सुल्लासाठी एक चांगली, थोडी थकलेली अभिनेत्री घ्या आणि तिला साध्या आवाजात पत्र वाचू द्या: वाहतुकीत मालाचं नुकसान झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही.

नमस्कार.