कॅम्पसाठी चाकू निवडताना

नमस्कार मंडळी.

कॅम्पवर चाकूला दिवसभरात काय काय कामं पडतात, ती आधी आठवून पाहू या. तंबूची दोरी कापायची. मेखेला टोक काढायचं, दोरी निसटू नये म्हणून तिला खाच पाडायची. भाजी चिरायची, पाकिटं फोडायची, मासा मिळाला तर साफ करायचा. पावसापाण्याच्या दिवसांत लाकडाचा आतला कोरडा गाभा मोकळा करून त्याच्या पातळ ढलप्या काढायच्या, म्हणजे चूल पेटते. पट्ट्याला नवं भोक पाडायचं. ह्या यादीत पाच-सहा मिलिमीटर जाडीचं, वीतभर लांबीचं पातं लागेल असं एकही काम नाही. तरीही पहिला फिक्स्ड ब्लेड, म्हणजे न मिटणारा चाकू, घ्यायला निघालेली माणसं बहुधा तसलाच चाकू घेऊन येतात.

खरेदी करताना त्यांच्या डोळ्यांपुढे संकट असतं. जंगलात वाट चुकलो तर, वादळात सापडलो तर. मला ही काळजी खोटी वाटत नाही. पण संकटात सापडलेल्या माणसालाही शेवटी कोरडं लाकूड सोलायचं असतं, दोर कापायचा असतो, आडोसा उभा करायचा असतो. कामं तीच असतात, फक्त हात थंडीने बधिर झालेले असतात. बधिर हातांना हलका, आज्ञेत राहणारा चाकूच बरा. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की, चाकू रोजच्या कामाच्या मापाने निवडा. फोडाफोडीला छोटी कुऱ्हाड किंवा घडीची करवत घ्या.

हे काही मी नवं सांगत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स नावाचे गृहस्थ 'नेसमुक' ह्या टोपणनावाने रानातल्या मुक्कामांविषयी लिहीत. माणूस अंगाने लहानखुरा, त्यामुळे वजनाच्या बाबतीत अतिशय काटेकोर. १८८३ साली त्यांनी वल्हवलेली होडी साडेदहा पौंडांची, म्हणजे जेमतेम पावणेपाच किलोंची होती. अशा माणसाने जवळ ठेवलेली हत्यारं तीन : एक छोटी दुधारी कुऱ्हाड, एक पातळ पात्याचा म्यानातला चाकू आणि एक खिशातला घडीचा चाकू. जाडजूड दिखाऊ चाकूंबद्दल त्यांना मुळीच आदर नव्हता. पुढे कॅनडात मॉर्स कोचान्स्की (१९४०–२०१९) यांनी रानात राहण्याची कला शिकवण्यात आयुष्य घातलं. त्यांचं माप तर कुणालाही लक्षात राहील असं आहे : पात्याची लांबी आपल्या तळहाताच्या रुंदीएवढी. फिनलंडचा पारंपरिक चाकू, पुक्को, तोही साधारण ह्याच मापात बसतो.

तळहाताची रुंदी म्हणजे नऊ-दहा सेंटिमीटर. नऊ ते बारापर्यंत कुठेही चालेल. टोक हातापासून जितकं लांब, तितकं ते आपलं कमी ऐकतं. खाच पाडताना, भोक पाडताना हे फार जाणवतं. अमेरिकन मरीन सैनिकांना १९४२पासून जो का-बार चाकू मिळाला, त्याचं पातं सात इंचांचं, म्हणजे जवळपास अठरा सेंटिमीटरचं होतं. पण तो लढाईसाठीही होता. आपल्याला लढाई करायची नाही.

आता जाडी. पात्याची जाडी दुप्पट केली, तर ते वाकवायला आठपट जोर लागतो. तीन मिलिमीटरवरून सहावर गेलात की पातं जवळजवळ पहारीसारखं ताठ होतं. पण ही ताठरता फुकट येत नाही. तेवढी जाड पाचर प्रत्येक कापात पदार्थातून ढकलावी लागते. जाड चाकूने गाजर चिरून पाहा, ते कापलं जात नाही, तडकन फुटतं. स्वीडनच्या मोरा गावाचं नाव लावणारे साधे चाकू जगभर वापरले जातात. त्यातल्या 'कम्पॅनियन' चाकूचं पातं सुमारे दहा सेंटिमीटर लांब आणि अडीच मिलिमीटर जाड असतं, आणि कॅम्पवरची बहुतेक सगळी कामं ते निमूटपणे करतं. अडीच ते साडेतीन मिलिमीटर, ह्याच्या पलीकडे जायचं खरं कारण मला तरी सापडलेलं नाही.

पण जाडीपेक्षाही महत्त्वाचं आहे ते, पातं पाठीपासून धारेपर्यंत कसं निमुळतं होत जातं ते. ह्याला ग्राइंड म्हणतात. दुकानात कुणी त्याबद्दल विचारत नाही, आणि वापरताना सगळा फरक तिथेच पडतो. स्कँडी ग्राइंडमध्ये पातं बरंच खालपर्यंत एकाच जाडीचं असतं आणि मग दोन्ही बाजूंनी एक रुंद सपाट उतार थेट धारेला भिडतो. हा उतार लाकडावर टेकवला की चाकूला आपोआप दिशा मिळते. लांब, कुरळ्या, पातळ ढलप्या काढायला ह्यासारखं दुसरं काही नाही. धार लावायलाही हे सोपं, कारण तोच उतार दगडावर सपाट टेकवायचा, कोन अंदाजाने धरावा लागत नाही. नवशिक्यासाठी हा फार मोठा गुण आहे. स्वयंपाकात मात्र खांद्याशी, म्हणजे उतार जिथे सुरू होतो तिथे, जाडी लागते आणि भाजी फुटते.

फ्लॅट ग्राइंडमध्ये पातं पाठीपासूनच सपाट उतरत येतं आणि अगदी कडेला धारेचा एक बारीक वेगळा उतार असतो. चिरण्याकापण्यात हे सरस, लाकडात थोडं कमी. कॉन्व्हेक्स, म्हणजे बाहेरून किंचित फुगीर, ते लाकूड फोडताना टिकाऊ, पण त्याला धार लावायला हात बसावा लागतो. आतून खोलगट असलेला हॉलो ग्राइंड मांस सोलायला चांगला, पण त्याची कड फार बारीक असते. कठीण लाकडात ती लवकर दुखावते. तुमचा कॅम्प लाकडाभोवती फिरत असेल तर स्कँडी घ्या. गॅसच्या शेगडीवर स्वयंपाक करणारे असाल तर फ्लॅट घ्या आणि निश्चिंत राहा.

फुल टँगचा प्रश्न तर हमखास येतो. पात्याचा जो भाग मुठीत शिरतो तो टँग. तो मुठीएवढाच रुंद आणि शेवटपर्यंत असला की फुल टँग. चाकू असाच हवा, असं ठामपणे सांगितलं जातं. पण पुक्कोचा टँग अरुंद असतो आणि पिढ्यान् पिढ्या कडाक्याच्या थंडीत तो काम करत आला आहे. अरुंद टँगमुळे चाकू हलका होतो, तोल पात्याकडे राहतो, आणि थंडीत हाताला धातूचा चटका बसत नाही. चाकू मोडतो तो बहुधा पातं आणि टँग जिथे मिळतात तिथे. तिथला कोपरा काटकोनात, तीक्ष्ण ठेवलेला असला तर सगळा ताण त्या एका बिंदूवर गोळा होतो. कोपरा गोलाईत घडवलेला असला, तर अरुंद टँगसुद्धा पुष्कळ सोसतो. पाठीवर दांडक्याने ठोकून लाकडं नेहमीच फोडणार असाल, तर फुल टँग जरूर घ्या. आणि त्यासाठीही दहा सेंटिमीटरचं पातं सहा-सात सेंटिमीटर जाडीच्या ओंडक्याला पुरतं, चूल पेटवायला त्याहून मोठा लागत नाही. एक प्रकार मात्र टाळाच : पोकळ मुठीत काडेपेटी आणि बुचात होकायंत्र असलेला चाकू. पोकळीसाठी तिथे टँगच तोडलेला असतो.

पोलादाबद्दल लोक तासन् तास बोलतात, मी थोडक्यात सांगतो. १०९५सारख्या कार्बन पोलादात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. त्याला धार छान येते, पण ओलसर ठेवलं की गंज धरतो. पुसून तेलाचा हात फिरवायची सवय लागते. १२सी२७ ह्या स्वीडिश स्टेनलेसमध्ये साधारण ०.६ टक्के कार्बन आणि साडेतेरा टक्के क्रोमियम असतं. समुद्राकाठी, पावसात, किंवा स्वयंपाकाला मी डोळे झाकून हेच सांगेन. कठीणपणा रॉकवेल मापावर ५६ ते ६० असावा. त्याहून कठीण पोलादाची धार टिकते खरी, पण ती बोथट झाली की खिशातल्या छोट्या निसण्यावर परत आणताना हात दुखून येतात. आणि नाव कुठलंही असो, पोलादाला पाणी नीट दिलेलं नसेल, म्हणजे ते तापवून नीट थंड केलेलं नसेल, तर त्या नावाला काही अर्थ नाही.

मुठीपाशी मात्र थांबा, घाई करू नका. तुमचा हात दिवसभर तिच्यावरच असतो. तळहाताला पूर्ण मावेल इतकी लांब, काप घेतला तर अंडाकृती. अंडाकृती मुठीत धार कुठल्या बाजूला आहे ते अंधारातही बोटांना कळतं. बोटांसाठी खोबणी असलेली मूठ घेऊ नका, त्या खोबणी दुसऱ्याच कुणाच्या बोटांच्या मापाने कोरलेल्या असतात, आणि पकड बदलली की बोचतात. मुठीच्या पुढे बोट धारेवर घसरू नये इतका उंचवटा असला की पुरे. रंग भडक असावा, नारिंगी किंवा लाल. पाचोळ्यात पडलेला हिरवा-तपकिरी चाकू शोधणं किती अवघड असतं, ते शोधणाऱ्यालाच माहीत.

पात्यावरचे दाते नकोत. अर्धं पातं दातेरी असलं तर ते दाते मुठीजवळच असतात, आणि लाकूड तासायला सगळ्यात जास्त जोर तिथेच लावायचा असतो. पाठीवरची करवत बहुधा कापत नाही. त्यापेक्षा पाठीची कड काटकोनात, तीक्ष्ण असू द्या, फेरो रॉडवर, म्हणजे चूल पेटवायच्या ठिणग्या पाडणाऱ्या धातूच्या कांडीवर, घासली की भरपूर ठिणग्या पडतात.

म्यान उलटं धरून हलवा. चाकू पडला, तर म्यान बाद. तळाशी पाणी निथळायला भोक असावं. चामड्याचं म्यान दिसतं सुंदर, पण त्यात ओल राहते, म्हणून घरी परतल्यावर चाकू त्यात ठेवू नका, वेगळा ठेवा.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. बसून तासताना चाकू मांड्यांच्या मध्ये चालवू नका. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते, आणि ती कापली गेली तर फार थोडा वेळ हातात असतो. कोपरं गुडघ्यांवर टेकवा, काम गुडघ्यांच्या पुढे धरा. हात लांब करून गोल फिरवला तर कुणाला लागेल का, हे चाकू बाहेर काढण्याआधी पाहा. आणि चाकू बाळगण्याचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते निघण्यापूर्वी वाचून घ्या. विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही.

नवा चाकू आणलात की तो थेट सहलीला नेऊ नका. घरीच एक कोरडी काठी घ्या आणि तळवा थकेपर्यंत तासत बसा. मग तळहात पाहा. जिथे लाल झालंय, तिथे मुठीची कड टोचते आहे. लाकडी मूठ असेल तर तेवढीच जागा पॉलिश पेपरने गोल करा, तेल लावा आणि पुन्हा तासून पाहा.