एका खाटेशी दोघं

(सकाळचा वॉर्ड. राउंडची रांग खाटांमधून सरकते.)

सकाळचे साडेआठ. मेडिसिनच्या पुरुष वॉर्डात राउंड सुरू झालाय. पुढे सर, मागे रेसिडेंट, त्यांच्या मागे एमबीबीएसची मुलं. याच गर्दीत पांढऱ्या ॲप्रनमधली, पण गळ्यात स्टेथोस्कोप नसलेली दोन मुलं दिसतील. ही फार्म-डीची, म्हणजे औषधनिर्माणशास्त्र शिकणारी. एरवी ती रांगेच्या शेपटाला असतात. आज सरांनी त्यांना खाटेच्या उशाशी बोलावलंय.

(पिशवी चादरीवर रिकामी होते.)

बारा नंबरचे काका. दोन्ही पायांना सूज. घरची औषधं आणलीत का, असं विचारल्यावर काकूंनी उशाखालून ही पिशवी काढली. अर्ध्यात कापलेल्या पट्ट्या, रबर लावलेली पुडकी, लेबल पुसलेली बाटली.

एमबीबीएसचा मुलगा घोट्यावर अंगठा दाबतो. खड्डा तसाच राहतो. हृदय, मूत्रपिंड, यकृत... त्याचा विचार या क्रमाने चाललाय. फार्म-डीची मुलगी मात्र पट्ट्या उलट्या करून मागची बारीक अक्षरं वाचतेय. दोन पट्ट्या ती शेजारी शेजारी ठेवते. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, आतलं औषध एकच – ॲम्लोडिपिन. एक पट्टी तालुक्याच्या दवाखान्यातली, दुसरी शिबिरात मिळालेली. काका दोन्ही घेत होते. रक्तदाबाच्या या औषधाने पायांना सूज येऊ शकते आणि डोस वाढला की ती जास्त दिसते.

तेवढ्यात मुलगा तिसरी पट्टी उचलतो. डायक्लोफिनॅक, दुखण्यावरची गोळी. “गुडघ्यासाठी का, काका?” काका मान हलवतात. या गोळीनेही अंगात पाणी साठतं. म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, बघायचीच, असं तो म्हणतो, आणि ती लगेच केसपेपर पुढे करते.

(काकूंचा चेहरा. इथे निवेदन नाही.)

(कॉलेजचा व्हरांडा, ग्रंथालय, पुन्हा वॉर्ड.)

फार्मसी म्हटलं की आपल्याला औषधाचं दुकान आठवतं, नाहीतर गोळ्यांचा कारखाना. शिक्षणही बरीच वर्षं त्याच दिशेचं होतं. भारतीय औषधनिर्माण परिषदेने २००८ साली फार्म-डीचे नियम आणले आणि चित्र बदलू लागलं. सहा वर्षांचा हा अभ्यासक्रम. पाच वर्षं शिक्षण आणि सहावं पूर्ण वर्ष रुग्णालयात. त्यातले सहा महिने जनरल मेडिसिनमध्ये, उरलेले सहा आणखी तीन विभागांत, प्रत्येकी दोन. संलग्न रुग्णालय किमान ३०० खाटांचं हवं, अशी अट. म्हणजे या मुलांची जागा वॉर्डात आहे, हे नियमातच लिहिलेलं आहे. पण नियमाने खाटेपर्यंत पोचता येतं. तिथे बोलायचं कधी, हे कुणीतरी शिकवावं लागतं. तेही दोघांना एकत्र शिकवावं लागतं. डॉक्टर झाल्यावर प्रश्न ऐकून घेण्याची सवय लावणं फार अवघड, हे आम्हाला इथल्या प्रत्येक शिक्षकाने सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आराखड्यातही हाच आग्रह आहे: वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबरोबर, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकावं.

(स्किल लॅब. टेबलावर सलाईनच्या दोन बाटल्या.)

दुपारी तेच दोघं स्किल लॅबमध्ये. फिट थांबवण्यासाठी शिरेतून द्यायचं फेनिटॉइन. एका बाटलीत नॉर्मल सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, दुसरीत डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं. औषध आधी सलाईनमध्ये जातं. पाणी नितळ. आता डेक्स्ट्रोजमध्ये. कॅमेरा इथे जवळ नेलाय, नीट पाहा. द्रव गढुळतो, मग बारीक कण तरंगू लागतात. फेनिटॉइनचं इंजेक्शन अतिशय अल्कधर्मी असतं. डेक्स्ट्रोजमध्ये ती अल्कता उतरते आणि औषध विरघळलेलं राहत नाही. मुलीने ही रसायनं तिसऱ्या वर्षी वहीत लिहिली होती. मुलाने फिट आलेला पेशंट गेल्या आठवड्यात कॅज्युअल्टीत पाहिला होता. बाटली दोघांच्या हातात आहे. दोघांपैकी कुणीच बोलत नाही.

(नर्सिंग स्टेशन. फॉर्म भरणारे हात.)

संध्याकाळी बारा नंबरच्या सुजेची नोंद औषधाच्या संशयित दुष्परिणामाच्या फॉर्मवर होते. देशभरातून असे फॉर्म गाझियाबादच्या राष्ट्रीय समन्वय केंद्राकडे जातात. काकांची एक ॲम्लोडिपिन आणि डायक्लोफिनॅक बंद झालं, पुढच्या काही दिवसांत सूज ओसरू लागली.

(डिस्चार्ज कार्ड. पेनाचं टोक.)

काकूंना अक्षर लागत नाही. म्हणून डिस्चार्ज कार्डावर मुलगी सकाळच्या गोळीपुढे सूर्य काढतेय, रात्रीच्या गोळीपुढे चंद्र. मुलगा शेजारी बसून एकेक गोळी काकूंच्या तळहातावर ठेवतो आणि त्यांच्याकडूनच वदवून घेतो, कुठली कधी. एकदा चुकतात. पुन्हा विचारतो. दुसऱ्यांदा बरोबर येतं.

पिशवी आता काकूंच्या मांडीवर आहे. त्यात तीनच पट्ट्या.