आलमारीतलं दुसऱ्याचं पुस्तक

(नागपुरातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पारा ४५ ला टेकलेला असताना तुम्ही घर सोडून इथे आलात. म्हणजे प्रत्येकाच्या घरी न वाचलेल्या पुस्तकांची एक तरी थप्पी आहे, असं मी धरून चालतो. त्यांचा निपटारा कसा करायचा, हा आजचा विषय. त्याकडे येतोच. पण आधी मागच्या वर्षीची एक गोष्ट सांगू द्या, तिच्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही.

होळी झाली की आपल्याकडे कूलर निघतात. माझ्या खोलीत कूलर खिडकीला लावायचा तर पुस्तकांची आलमारी हातभर सरकवावी लागते. भरलेली लोखंडी आलमारी काही हलेना, म्हणून खालचे दोन कप्पे रिकामे केले. मागच्या रांगेत, अगदी पत्र्याला चिकटून, दंडारीवरचं एक पातळ पुस्तक निघालं. दंडार म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या झाडीपट्टीतली, भंडारा-गोंदिया, चंद्रपूर-गडचिरोलीकडची लोकनाट्याची कला. शंभराच्या आत पानं. पहिल्या पानावर माझी सही आणि खाली तारीख, चौदा वर्षांपूर्वीची. कूलरच्या ओल्या हवेनं कडा फुगलेल्या, शिलाईपाशी कसरीनं खाल्लेलं, पण मजकूर शाबूत. मधली दोन पानं वरच्या घडीला जोडलेलीच होती. छापखान्यातून निघाल्यापासून ती कुणी उघडलीच नव्हती.

मी पुस्तक घेऊन खाली फरशीवर बसलो. कारण आमच्याच गल्लीतली एक मुलगी दंडारीवर एम.ए.चा प्रबंध लिहीत होती. दिवाळीनंतर ती माझ्याकडे आली होती. "काका, तुमच्याकडे एवढी पुस्तकं आहेत, दंडारीवर काही भेटन का?" मी आलमारीकडे पाहिलं आणि "नाही बेटा" म्हणालो. पाहिलं ते पुढच्या रांगेकडे. ती पोरगी दोनदा एस.टी.नं चंद्रपूरला जाऊन आली. तिथे एका गृहस्थांनी त्याच पुस्तकाची अठरा पानं झेरॉक्स करू दिली, बाकीची दिली नाहीत. फेब्रुवारीत तिनं प्रबंध सादर केला. मार्चमध्ये मला पुस्तक सापडलं.

मी ते तिला नेऊन दिलं. ती रागावली नाही. आतून पट्टी आणून तिनं दारातच ती जोडलेली घडी अलगद कापली, उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाली, "हेच पाहिजे होतं, काका." वाद्यांचं प्रकरण होतं ते.

त्या दिवसापासून मी "माझी न वाचलेली पुस्तकं" असं म्हणत नाही. त्यातली कितीतरी दुसऱ्या कुणाची आहेत, माझ्याकडे अडकून पडली आहेत. एस. आर. रंगनाथन आधी गणित शिकवायचे, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. ग्रंथपाल मंडळींना तो पाठ असतो. माझं म्हणणं एवढंच, की तो घरच्या आलमारीलाही लागू आहे.

आणि हे कुठे बघायचं तर आपल्या दीक्षाभूमीवर. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा घेतली, आणि आजही त्या दिवसांत तिथे पुस्तकांच्या दुकानांपुढे उभं राहायला जागा नसते. एकदा माझ्या शेजारी चार बाया पुस्तकं निवडत होत्या. दोघींनी एकच उचललं तर तिसरी म्हणाली, "अवं, एकच काहून घेता? मग बदलून काय वाचसान?" गावी पोचायच्या आधीच त्यांच्या प्रत्येक पुस्तकाला चार वाचक ठरलेले होते!

अध्यक्षांची चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. तर कबूल केलेलं भराभर सांगतो.

आधी मोजा. माझी न वाचलेली ४१२ निघाली. रोज २० पानं वाचली तर २०० पानांचं पुस्तक दहा दिवस घेतं, म्हणजे वर्षाला ३६. नवं एकही न घेता साडेअकरा वर्षं. मी अडुसष्टचा आहे.

मग संदर्भग्रंथ वेगळे काढा. केतकरांचा ज्ञानकोश, ज्याच्या कामाची सुरुवात याच नागपुरात झाली, २३ खंडांचा आहे. तो सलग वाचायचा नसतोच, लागेल तेव्हा उघडायचा. त्याचं ओझं मनावर नको. असे ५८ निघाले, उरले ३५४. राहिलेल्यांतलं जे सगळ्यांत आधी विकत घेतलं ते आधी हातात घ्या, नवं नव्हे. एका बैठकीत पन्नास पानं वाचा. धरून ठेवलं तर पुढे जा, नाही तर त्याच दिवशी वहीत लिहा: पुस्तकाचं नाव, आणि पुढे "कुणाला लागेल". हा रकाना महत्त्वाचा आहे. रद्दीत टाकू नका, आणि कुणालाही सरसकट वाटूही नका. नाव सुचेपर्यंत थांबा. आणि पुस्तकं एकाच रांगेत लावा, मंडळी, मागे दुसरी रांग नको. दिसलं नाही की संपलं.

वर्षभरात माझी २७ वाचून झाली, ३४ मार्गी लागली. आज अकरा सोबत आणली आहेत, दाराजवळच्या टेबलावर. त्यात संत्र्याच्या बागांवरचं एक आहे, काटोलकडचं कुणी असेल तर आधी त्यांनी बघावं. वही शेजारीच ठेवली आहे, घेतलेल्या पुस्तकापुढे आपलं नाव लिहून जा.