बाहेरून सोनेरी, आत साका

(पत्र्यावर पाऊस. अर्ध्या उजेडात एक पंचिंग बॅग हलते आहे.)

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला ही शेड आहे. मार्चपासून मेपर्यंत इथे आंब्याचं राज्य. गवत, पेट्या, खिळे आणि कपड्यांत मुरणारा अढीचा वास. जून लागला की रिकाम्या पेट्या कोपऱ्यात रचल्या जातात आणि मधल्या मोकळ्या जागेत ही बॅग टांगतात. तिच्यात जुन्या जाळ्यांचे तुकडे ठासून भरले आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या शाकारून ठेवलेल्या. त्यामुळे तांडेलांची पोरं रोज संध्याकाळी हजर. बॉक्सिंग शिकवणारे सर एकेकाळी राज्य पातळीवर खेळलेले. फी घेत नाहीत. उशिरा आलात तर मात्र दोरीच्या तीनशे उड्या.

बॅगेमागच्या भिंतीवर खडूने काहीतरी लिहिलंय.

(खडूची अक्षरं: ‘गार्सिया जिंकला’. त्यावर काट. खाली वेगळ्या हाताने: ‘निकाल नाही’. त्याखाली: ‘वडापाव १२’.)

२१ एप्रिल २०२४, रविवार. हंगाम ऐन भरात. तिकडे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये शनिवारची रात्र, इथे सकाळ. पेट्या भरता भरता पोरं एका खोक्याला टेकवलेल्या मोबाइलवर रायन गार्सिया आणि डेव्हिन हेनीची लढत बघत होती. गार्सिया वजनात ३.२ पौंड जास्त भरलेला, त्यामुळे जिंकला तरी किताब मिळणार नव्हता. पण त्याने हेनीला सातव्या, दहाव्या आणि अकराव्या फेरीत खाली पाडलं. शेडमध्ये दोन तट पडले होते. हेनीवाले हरले, बारा वडापाव आले, हात पुसून पोरं पुन्हा पेट्यांना लागली.

मे उजाडला. आंबा अजून वाशीला जात होता, आणि बातमी आली की गार्सियाच्या नमुन्यात ऑस्टरिन सापडलंय. स्नायू वाढवणारं, बंदी असलेलं द्रव्य. नमुने घेतले होते १९ आणि २० एप्रिलला. लढतीच्या आदल्या दिवशी आणि लढतीच्या दिवशी. म्हणजे अहवाल येईपर्यंत बारा फेऱ्या होऊन गेल्या होत्या.

दुसरा, म्हणजे ‘बी’ नमुनाही तसाच निघाला. आपण जाणूनबुजून काही घेतलं नाही, असं गार्सियाचं म्हणणं. त्याच्या वकिलांनी दूषित सप्लिमेंटकडे बोट दाखवलं. २० जूनला न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाचा निकाल लागला: विजय रद्द, एक वर्ष बंदी, दहा हजार डॉलर दंड, आणि सुमारे अकरा लाख डॉलरच्या मानधनावर पाणी. हेनीच्या नावावरची हार पुसली गेली. त्याच्या जबड्यावर बसलेले ठोसे कुठल्या आयोगाने रद्द केल्याचं ऐकिवात नाही.

(जुनं चित्रण: एक हात हापूस उचलतो, देठाशी हुंगतो, सुरीने कापतो.)

आंबेवाल्या घरात जन्मलेल्यांना साका समजावून सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगतो. फळ बाहेरून बघा: रंग सोनेरी, वास घमघमतो, दाबून बघितलं तर कुठे मऊ लागत नाही. सुरी घाला. कोयीच्या अंगाला पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. फळ न कापता हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आणि कापलेलं फळ पेटीत परत ठेवता येत नाही.

डोपिंगची प्रयोगशाळा म्हणजे ती सुरी. आणि सुरीला धार आहे, हे मान्यच करायला हवं. मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र लघवीच्या एका मिलिलिटरमधला ग्रॅमचा अब्जावा भाग, कधी त्याहूनही कमी, हुडकून काढतं. घोळ होतो तो सुरीच्या अलीकडे आणि पलीकडे. कुठलं फळ कापायचं, कधी कापायचं, आणि आत साका दिसला तर कुणाला सांगायचं.

‘कधी’पासून सुरुवात करू. ईपीओ नावाचं औषध रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवतं, दम टिकतो. थोड्या मात्रेत टोचलं तर एखाद्या दिवसात त्याचा माग पुसट होतो, वाढलेल्या पेशी मात्र कित्येक आठवडे कामाला येतात. लढतीच्या रात्री नमुन्याची बाटली पुढे करणं म्हणजे ओहोटी लागल्यावर भरतीचं पाणी मोजायला जाणं. शेन मोस्लीने सप्टेंबर २००३ मध्ये ऑस्कर दे ला होयाला हरवलं. त्याआधी त्याने ईपीओ घेतलं होतं. हे जगाला कळलं ते कुठल्या बाटलीतून नव्हे, तर खेळाडूंना बंदी असलेली द्रव्यं पुरवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या बाल्को कंपनीवर सरकारी धाड पडली आणि मोस्लीला ज्युरीपुढे साक्ष द्यावी लागली, त्यातून. आपल्याला काय दिलं जातंय ते माहीत नव्हतं, असं तो सांगत आला. त्या लढतीचा निकाल आजही तसाच आहे.

म्हणून खरी चाचणी अवचित व्हायला हवी, लढतीच्या कितीतरी आधी, पहाटे दारावर थाप मारून. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हे काम बरंचसं एक खासगी संस्था करते: व्हॉलंटरी अँटी डोपिंग असोसिएशन. आद्याक्षरं जोडली की ‘वाडा’. शेडमधली पोरं तिला ‘वडा’च म्हणतात. लास वेगासमध्ये रिंगणाशेजारी डॉक्टर म्हणून बसलेल्या मार्गारेट गुडमन यांनी ती उभी केली. नावातला पहिलाच शब्द नीट ऐका. व्हॉलंटरी. ऐच्छिक. २०१६ पासून वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल आपल्या वरच्या क्रमांकाच्या खेळाडूंना तिच्या यादीत यायला लावते, बाकीच्यांचं बहुधा करारावर अवलंबून, आणि तेही लढतीआधीचे काही आठवडे. सापडलं तर संस्था अहवाल पाठवते. बंदी घालण्याचा अधिकार तिला नाही. तो ज्या त्या राज्याच्या, ज्या त्या देशाच्या मंडळाकडे.

(एक मुलगा बाकावर बसून हाताची पट्टी सोडतो आहे.)

आता या मुलाकडे बघा. हौशी खेळाडू, खिशात एसटीच्या भाड्यापुरते पैसे. राष्ट्रीय स्पर्धेत लढत संपल्या संपल्या एक अधिकारी त्याच्या सावलीसारखा मागे लागला. बनियन छातीपर्यंत वर, चड्डी गुडघ्यापर्यंत खाली, आणि समोर तो अधिकारी बघत उभा. ९० मिलिलिटर हवं. घामाने सगळं पाणी गेलेलं, होईना. सीलबंद बाटल्या ढोसून दोन तास बसला. झालं ते फार पातळ भरलं, म्हणून पुन्हा. मग काचेच्या दोन बाटल्यांत त्याने स्वतःच्या हाताने ओतलं आणि झाकणं फिरवली. ती झाकणं एकाच दिशेला फिरतात. कट्, कट्, कट्. उघडायचं तर प्रयोगशाळेत, झाकण मोडूनच.

“मेल्या, एवढं तर बँकेतपण तपासत नाहीत,” त्याची आजी म्हणाली होती.

दिल्लीच्या प्रयोगशाळेची मान्यता ऑगस्ट २०१९ ते डिसेंबर २०२१ निलंबित होती, तेव्हा भारतातले नमुने परदेशी जात. म्हणजे धारेचीही ग्वाही कायमची नसते. तरी माझ्या मते या पोराची झडती अनेक लखपती मुष्टियोद्ध्यांपेक्षा कडक झाली.

उलट बाजूही आहे, आणि ती टाळून चालणार नाही. सुरी इतकी तीक्ष्ण झाली की आता धुळीचा कणही सापडतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये मेक्सिकन मुष्टियोद्धा कानेलो अल्वारेझच्या नमुन्यांत क्लेनब्युटेरॉल मिळालं. मेक्सिकोत गुरं फुगवायला हे औषध चोरून वापरतात, आपण मांसातून खाल्लं, असं तो म्हणाला. मे महिन्यातली गोलोव्हकिनशी लढत मोडली, सहा महिने बंदी आली, सप्टेंबरमध्ये तो परत आला आणि जिंकला. पुढच्या वर्षी जागतिक डोपिंगविरोधी संस्थेनेच मांसातून येणाऱ्या सूक्ष्म अंशासाठी वेगळी मर्यादा ठरवली. मग खोटं कोण बोलत होतं? यंत्र तर नक्कीच नाही. पण यंत्र ‘किती’ सांगतं, ‘कसं’ ते सांगत नाही.

त्या ‘कसं’च्या जागेत मग काय काय येतं! टायसन फ्युरीच्या फेब्रुवारी २०१५ च्या नमुन्यात नँड्रोलोन होतं, तेही स्नायू वाढवणारं. खुलासा आला की रानडुकराचं मटण खाल्लं. हे ऐकून इथे हशा पिकला. भातशेती उद्ध्वस्त करणाऱ्या डुकरांवर निदान हा आळ अजून आला नव्हता. गंमत बाजूला ठेवली तर तारखा बघण्यासारख्या आहेत. नमुना फेब्रुवारीत, आणि त्याच नोव्हेंबरात फ्युरी क्लिट्स्कोला हरवून जगज्जेता. आरोप ठेवला गेला जून २०१६ मध्ये. दोन वर्षांची बंदी मान्य झाली डिसेंबर २०१७ मध्ये, तीही मागच्या तारखेपासून, म्हणजे घोषणा झाली तेव्हा संपलेलीच. कॉनर बेन या मुष्टियोद्ध्याच्या नमुन्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं, त्या वेळी वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने अंडी फार खाल्ल्याचं कारण ग्राह्य धरलं, आणि अंड्यांचा बचाव आपला नव्हताच, असं खुद्द बेनने सांगितलं.

सरांना मात्र यातलं काहीच फारसं लागत नाही. त्यांना लागते ती २० जुलै २०१९ ची लंडनमधली लढत. डिलियन व्हाइटच्या चाचणीत काहीतरी निघालं होतं. बंद दाराआड सुनावणी झाली, त्याला उतरायची परवानगी मिळाली. पुढे डिसेंबरात व्हाइटवरचा आरोप मागेही घेतला गेला, अंश अगदी किरकोळ होते म्हणून. पण समोर उभा राहिलेला ऑस्कर रिव्हास, त्याला लढतीआधी कुणी काही सांगितलंच नाही.

“व्हाइट सुटला, चांगलं झालं,” सर पट्टी गुंडाळत म्हणतात. “पण मार खाणाऱ्याला विचारायला नको? धावायच्या शर्यतीत दुसऱ्याने औषध घेतलं तर माझं पदक जातं. इथे डोकं माझं आहे.”

(पाऊस वाढतो. कॅमेरा पुन्हा भिंतीकडे.)

राहता राहिले बारा वडापाव. निकालच नाही तर पैज कसली, आमचे पैसे परत करा, असं हेनीवाले म्हणतात. गार्सियावाल्यांचं उत्तर, वडे खाल्ले ते एप्रिलमध्ये, तेव्हा तो जिंकलेलाच होता. प्रकरण सरांपुढे गेलं. सर म्हणाले, सुनावणी पुढच्या हंगामात. तो हंगामही गेला. पावसात भिंतीला ओल येते, खडू पुसट होतो, आणि दर चार-आठ दिवसांनी हेनीवाल्यांपैकी कुणीतरी बाकावर चढून तो आकडा पुन्हा गिरवतो.