मार्चअखेर आणि काजूबी

[दृश्य : गोव्यातला सत्तरी तालुका, मार्चमधली सकाळ. अंगणात पसरलेली काजूबी.]

बोंडूपासून, म्हणजे काजूच्या फळापासून, पिरगळून काढलेली ही बी दोन-तीन दिवस कडक उन्हात पडली पाहिजे. नीट वाळलेली बी पोत्यात ओतताना खडखडते. ओली भरली तर जूनच्या पावसात पोत्यातच बुरशी धरते आणि आतला गर काळा पडतो. सत्तरीच्या कितीतरी घरांत वर्षाची मोठी रोकड मार्च ते मे एवढ्याच काळात येते, आणि ती या बीतून येते. बहुतेक बी कच्चीच विकली जाते. पुढचे काम दुसऱ्याच्या छपराखाली होते आणि त्याची मजुरीही तिकडेच राहते.

हे काम गावात आणावे म्हणून कंपन्या पैसे देतात. २०१३च्या कंपनी कायद्यातले कलम १३५ सांगते की ठरावीक आकाराच्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत, आणि आपण जिथे धंदा करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावे. सत्तरीत पिसुर्ले आणि होंड्याला औद्योगिक वसाहती आहेत, म्हणजे परिसर हाच. काजू युनिट, म्हणजे बायकांच्या बचतगटाने बी फोडून गर काढायची शेड, ही कंपन्यांना आवडणारी कल्पना आहे. शेड दिसते, यंत्र दिसते, बायकांना काम मिळालेले दिसते.

[दृश्य : कटिंग मशीनचे पाते. हातमोजे. खोबरेल तेलाची वाटी.]

आत काय चालते ते आधी बघू. बी चाळणीवर आकाराप्रमाणे वेगळी करायची. हे टाळले की पाते एका आकाराला लावलेले, बी दुसऱ्या आकाराची, आणि गर मधोमध चिरतो. मग वाफ. दाबाप्रमाणे पंधरा-पंचवीस मिनिटे. वाफ कमी पडली तर टरफल नीट सुटत नाही, जास्त झाली तर टरफलातले तेल गरात उतरून त्याचा रंग जातो. वाफवलेली बी रात्रभर निवू द्यायची, घाई केली की तुकडा वाढतो. पायाने दाबायच्या मशीनवर एकेक बी फोडताना टरफलाचे तेल उडते. ते कातडी जाळते, म्हणून हातमोजे, आणि ते नसले तरी हाताला खोबरेल हवेच. पुढे बोर्म्यात, म्हणजे गर वाळवण्याच्या भट्टीत, ६० ते ७० अंशांवर सहा-आठ तास. तेव्हा कुठे वरची तांबडी साल सुटते. कमी वाळला तर साल चिकटते, जास्त वाळला तर सोलताना बोटांत मोडतो.

१०० किलो बीतून साधारण २२ ते २५ किलो गर निघतो. अख्ख्याचा भाव वेगळा, पाकळीचा वेगळा, तुकड्याचा आणि कणीचा आणखी खाली. बाजारात ज्याला डब्ल्यू-३२० म्हणतात तो अख्खा गर एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० बसतो.

हे सगळे शिकता येते. एक-दोन हंगामांत हात बसतो. युनिट बंद पडते ते वेगळ्याच कारणाने.

धरा, युनिट दिवसाला २०० किलो बी फोडते आणि वर्षात २५० दिवस चालते. म्हणजे ५० टन बी लागली. ती जूनमध्ये मिळत नाही, मार्च ते मेमध्येच भरून ठेवावी लागते, आणि शेतकरी रोख मागतो. मागणारच. किलोला १५० रुपये धरले तर ७५ लाख रुपये झाले. शेड आणि यंत्रांचा खर्च एकदाच होतो. हे ७५ लाख दर वर्षी, तेही मार्चमध्ये उभे करायचे.

[दृश्य : दिनदर्शिका. ३१ मार्च.]

नेमकी इथे सांधेजोड चुकते. कंपनीचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणून त्याआधी पैसे खर्ची पडायची घाई असते आणि यंत्रे पटकन घेता येतात. काजूचा हंगाम तेव्हा नुकताच लागलेला असतो. एप्रिलमध्ये यंत्र तयार, बायका तयार, आणि बी घ्यायला पैसे नाहीत.

कंपनीने कायमचा निधी ठेवून द्यावा म्हटले तर २०२१च्या दुरुस्तीनंतर एखाद्या संस्थेच्या कॉर्पसमध्ये टाकलेली रक्कम या खर्चात धरली जात नाही. यातून वाट आहे. संचालक मंडळाने प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून आधीच मंजूर करावा. मग न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. यंत्रे कंपनीच्या नावावर राहू शकत नाहीत. ती लाभार्थी बचतगटाच्या नावावर करता येतात, आणि तशीच करावीत. पट्टा तुटला, बॉयलरची दुरुस्ती आली, तर मालक कोण हे त्या दिवशी शोधत बसायला नको.

बँकेचे कर्ज का नाही? सत्तरीत मोकासोच्या, म्हणजे जुन्या इनामी मालकीच्या, जमिनींचा प्रश्न जुना आहे. पिढ्यान्‌पिढ्या काजू लावणाऱ्याचे नाव एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्यावर मालक म्हणून नसते, मग तारण द्यायचे काय? गटाला वाट थोडी मोकळी आहे. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत बचतगटाला खेळते भांडवल आणि लहान अवजारांसाठी सदस्यामागे ४०,००० रुपयांपर्यंत मिळतात. दहा जणींचे ४ लाख होतात. अवजारांना एक पैसाही न लावता सगळ्या पैशांची बी घेतली, तरी वरच्या हिशोबाने आपले युनिट तेरा दिवस चालेल.

[दृश्य : किनाऱ्यावरच्या हॉटेलचे स्वयंपाकघर. मिक्सरमध्ये काजू.]

आमच्या मते उद्योगांनी सत्तरीला खरी मदत करायची तर ती सामाजिक खर्चाच्या टेबलावरून पुरेशी होणार नाही, खरेदी विभागातून यावी लागेल. महिन्याला २०० किलो काजूगर लागणारे एखादे मोठे हॉटेल घ्या. वर्षाचे २,४०० किलो, म्हणजे सुमारे १० टन बी, म्हणजे १५ लाखांची कच्ची खरेदी. त्या हॉटेलने वर्षाची मागणी फेब्रुवारीत लिहून दिली आणि त्यातली उचल मार्चच्या पहिल्या आठवड्यात दिली, तर शेडचे दार एप्रिलमध्ये उघडे राहते. हा धंद्याचा खर्च आहे, दोन टक्क्यांत धरायचा नाही. गोव्याच्या काजूला २०२३मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पाहुण्यापुढे गोव्याचा म्हणून काजू ठेवायचा असेल तर तो गोव्याचा असायलाही हवा.

मात्र गिऱ्हाईक एकच नको. एकाच आधारावर टेकण्याची किंमत सत्तरी आणि शेजारच्या डिचोलीने मोजली आहे. सप्टेंबर २०१२मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या तर ७ फेब्रुवारी २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे, म्हणजे खाणपट्ट्यांचे, नूतनीकरण रद्द केले, आणि १६ मार्चपासून उत्खनन बंद. ट्रक दारात उभे, हप्ते चालू. गॅरेज, खानावळी, टायरची दुकाने सगळी त्याच एका दोरीला बांधलेली होती. म्हणून गटाने कुठल्याही एका खरेदीदाराला एक तृतीयांशापेक्षा जास्त माल बांधून देऊ नये.

[दृश्य : सुपात वेगळे केलेले अख्खे गर, पाकळ्या, तुकडा.]

करारात दोन गोष्टी हव्यातच. पहिली, गराचा भाव त्या हंगामाच्या बीच्या भावाला जोडलेला असावा. फेब्रुवारीत भाव गोठवला आणि एप्रिलमध्ये बी महागली की गट गोत्यात येतो. दुसरी, हॉटेलने अख्ख्याबरोबर पाकळी आणि तुकडाही उचलावा. नवीन हातांकडून तुकडा जास्त निघतो, आणि पहिल्या वर्षीचा तोटा बहुतेक तिथेच असतो. हॉटेलच्या स्वयंपाकघरात रश्श्यासाठी काजू वाटलाच जातो. त्या मिक्सरमध्ये अख्खा गर घालायची गरज नसते.