मिनिट दाखवायचे कसे?

घड्याळ म्हटले की बारा आकडे आणि दोन काटे आपण गृहीतच धरतो; पण खिशातल्या घड्याळाने हे रूप सहजासहजी स्वीकारलेले नाही. १६७५पर्यंत अशा घड्याळाला बहुधा तासाचा एकच काटा असे, कारण दिवसाकाठी वेळेत इतका फरक पडे की मिनिटे दाखवणे हा नुसता डौल ठरला असता. त्या वर्षी डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी बॅलन्सला, म्हणजे मागे-पुढे डोलत घड्याळाची लय राखणाऱ्या चाकाला, हेअरस्प्रिंग ही केसासारखी बारीक, वेटोळी स्प्रिंग जोडण्याची कल्पना जाहीर केली, ती चूक काही मिनिटांवर आली, आणि कारागिरांपुढे खरा प्रश्न उभा राहिला: मिनिट दाखवायचे कसे?

काहींनी एकच काटा ठेवला, मात्र त्याची फेरी सहा तासांची केली. तबकडीवर एक ते सहा हे आकडे आणि त्यांच्याच जोडीला सात ते बारा असत. दोन आकड्यांमधली जागा दुप्पट झाल्यामुळे तिथे दोन-दोन मिनिटांच्या खुणा मावत. सकाळचे आठ की दुपारचे दोन, हे वाचणाऱ्याने आकाशाकडे पाहून ठरवायचे.

याहून कल्पक रचना फिरत्या तासांची. तिचे मूळ रोममध्ये आहे. पोप सातवे अलेक्झांडर यांना रात्री झोप लागत नसे, म्हणून घड्याळे बनवणाऱ्या कांपानी बंधूंनी त्यांच्यासाठी आत दिवा ठेवलेले, कोरीव आकड्यांतून उजेड पडणारे घड्याळ केले. तीच युक्ती सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या खिशातल्या घड्याळांत आली. तबकडीच्या वरच्या भागात अर्धवर्तुळाकार खिडकी असते आणि तिच्या कडेने शून्य ते साठ मिनिटांच्या खुणा. तासाचा आकडा डावीकडून उगवतो, कमानीवरून सरकत तासाभराने उजवीकडे मावळतो, आणि त्याच क्षणी डावीकडे पुढचा आकडा येतो. आत दोन तासांत एक फेरी घेणारी मोठी तबकडी असून तिच्यावर समोरासमोर दोन लहान चकत्या असतात. एकीवर सहा विषम आकडे, दुसरीवर सहा सम. चकती खाली, दृष्टीआड गेली की एक घर पुढे फिरते. आकडा कोणता यावरून तास आणि तो कुठे आहे यावरून मिनिट. माझ्या मते इतके सुबोध वाचन दोन काट्यांनाही साधलेले नाही.

त्याच काळातल्या सूर्य-चंद्र घड्याळात सकाळी सहा ते संध्याकाळी सहा सूर्याचे चित्र तास दाखवी आणि रात्री चंद्राचे. लंडनमध्ये डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, घड्याळातला सूर्य मात्र सहापर्यंत ढळत नसे!

या सगळ्यांवर दोन काट्यांनी मात केली ती स्वस्ताईमुळे. मोजकी चाके बसवली की एका आसावर दोन्ही काटे फिरतात आणि यंत्रावर वेगळा भार पडत नाही. तो भार किती जड असू शकतो हे जोसेफ पालवेबर या ऑस्ट्रियन अभियंत्याच्या रचनेत दिसते. १८८०च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनच्या आयडब्ल्यूसी या घड्याळ कंपनीने बनवलेल्या त्याच्या घड्याळांत तास आणि मिनिटे खिडक्यांमधून थेट अंकांत दिसत. काटा कणाकणाने सरकतो, तर अंकांच्या चकत्यांना मिनिटभर थांबून एकदम उडी घ्यावी लागते. तास बदलताना तर सगळ्याच एकत्र फिरतात, आणि ही ताकद घड्याळ चालवणाऱ्या मेनस्प्रिंगमधूनच जाते. २०१८मध्ये त्याच कंपनीने ही रचना मनगटी घड्याळात पुन्हा आणली, तेव्हा मिनिटाच्या चकतीला स्वतःची वेगळी स्प्रिंग द्यावी लागली.